प्रोसेसर ९७ डिग्रीवर आणि फॅन ढिम्म, स्पीड वाढतच नाही. काय बघू?

कीबोर्डतोड
मंडळी डोकं पिकलंय आता, कुणीतरी वाट दाखवा. लॅपटॉप ४ वर्षं जुना, १५ वॅटवाला प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ११. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की २ मिनिटांत प्रोसेसर ९५-९७ डिग्री आणि फॅन मात्र २३००-२४०० आरपीएमवरच बसून राहतो, एचडब्ल्यूइन्फोमध्ये बघतोय मी आकडे. मग अर्थातच थ्रॉटलिंग (तापला की प्रोसेसर स्वतःला हळू करतो ते) सुरू, ३.६ गिगाहर्ट्झवरून धाडकन १.३ वर येतो आणि माउस पण अडखळत चालतो. आधी हेच काम करताना फॅन असा घोंघावायचा की हेडफोन लावावा लागायचा, आता एकदम शांत, आणि ही शांतताच भयानक वाटतेय. काल तर कीबोर्डच्या वरची पट्टी असते ना, पॉवर बटणाच्या शेजारची, तिथं बोट ठेववत नव्हतं.

केलेल्या गोष्टी: मागचं कव्हर उघडून एअर ब्लोअरने धूळ उडवली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे नेणारा लेप, बदलली (पहिल्यांदाच केलं, पण नीट झालंय असं वाटतं), पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सला टाकला. फरक शून्य. आणि गंमत म्हणजे एखाद्या दिवशी फॅन एकदम व्यवस्थित चालतो, मला वाटतं झालं, सुटलो, आणि संध्याकाळी परत तेच. रोज रात्री रीतसर शट डाउन करतो त्यामुळे बरेच दिवस चालू राहिल्यामुळे होतंय असंही नाही. फॅन बदलायचा का सरळ?

चार्जर_विसरलो
कूलिंग पॅड घे भावा, विषय संपला. माझा १० डिग्रीने खाली आला होता.

उष्माघात
आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. कूलिंग पॅडने खालून हवा मिळेल, पण आतला फॅनच झोपलेला असेल तर ती हवा फिन्समधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) ओढणार कोण? पॅड वाईट नाही, पण इथे त्याचा काही संबंध नाही.

कीबोर्डतोड, फॅन बदलायच्या आधी एक समजून घ्या. लॅपटॉपमध्ये फॅन किती फिरवायचा हे बहुतेक वेळा विंडोज ठरवतच नाही. मदरबोर्डवर एक छोटा वेगळा कंट्रोलर असतो, एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, ईसी. कीबोर्ड, बॅटरी चार्जिंग, झाकण उघडलं का मिटलं आणि फॅन, हे सगळं त्याच्याकडे. त्याच्यात एक टेबल असतं, इतक्या तापमानाला इतका स्पीड. सायलेंट, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स असे जे मोड कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असतात ना, ते म्हणजे बऱ्याच मशीनमध्ये यातलं कुठलं टेबल वापरायचं एवढंच असतं. विंडोजच्या बॅटरी सेटिंगमधला बेस्ट परफॉर्मन्स ही वेगळी भानगड, काही मॉडेलमध्ये दोन्ही जोडलेले असतात काहींमध्ये अजिबात नाही.

म्हणजे फॅन वाढत नाही याचे अर्थ तीन. एक, ईसी सांगतोय पण फॅनला जमत नाहीये (बेअरिंग घासलं, वायर सैल बसली). दोन, ईसी सांगतच नाहीये, कारण त्याला कमी स्पीडचं टेबल दिलंय. तीन, ईसी ज्या सेन्सरकडे बघतो तो सेन्सरच गार आहे. हे तिसरं लोकांच्या लक्षात येत नाही, प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरशिवाय बोर्डवर पण एक-दोन थर्मिस्टर असतात आणि काही मॉडेल त्यांना जास्त भाव देतात.

आता फुकटातली टेस्ट सांगतो. एक्स्पोर्ट लावा, ५ मिनिटं जाऊ द्या, आणि हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर हात धरा. आकडा ९७ पण बाहेर येणारी हवा कोमट किंवा गारच असेल तर उष्णता फिन्सपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे पेस्ट गंडली, हीटसिंक (प्रोसेसरवर बसणारा धातूचा भाग) तिरका बसला किंवा हीटपाइप (उष्णता फिन्सकडे नेणारी नळी) गेला. हवा चटका देणारी पण झुळूक अगदी क्षीण असेल तर पेस्ट ठीक आहे, फॅन तरी कमी फिरतोय नाहीतर वाट बंद आहे. हे आधी सांगा मग पुढचं बोलू.

आणि हो, मिनिट-दोन मिनिटांचं ९५ असेल तरच काळजी. टर्बोमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावताना, १५ वॅटचा प्रोसेसर थोडा वेळ त्याच्या दुप्पट-तिप्पट वॅट खातो, त्यामुळे अ‍ॅप उघडताना २-४ सेकंद ९० च्या पुढे उडी मारणं अगदी नॉर्मल. फॅन त्या उडीमागे मुद्दामच धावत नाही, नाहीतर दर अर्ध्या मिनिटाला वर-खाली करत बसेल आणि तुम्ही वैतागाल. तुमचं तसं वाटत नाही, पण सांगून ठेवतो.

धूळधाण
मी वेगळं सांगतो. "एअर ब्लोअरने धूळ उडवली" हे वाचलं की मला हसू येतं कारण मी स्वतः तीनदा तेच केलंय. वरून फॅनची पाती चकचकीत, मी खूश. चौथ्या वेळी वैतागून फॅनचे स्क्रू काढून फॅनच बाहेर घेतला, तर फॅन आणि तांब्याच्या फिन्सच्या मधे अख्खी एक पट्टी, धुळीची नाही, नमद्यासारखी घट्ट, करड्या रंगाची, चिमट्याने ओढली तर एका तुकड्यात निघाली. तिच्यावर फिन्सच्या रेघांचे ठसे उमटले होते! ब्लोअर मारला की ही पट्टी उलट अजून घट्ट बसते, कारण हवा आपण फॅनच्याच दिशेने मारतो. तेव्हा फॅन काढल्याशिवाय "साफ केलाय" म्हणू नका.

ब्लोअर मारताना पाती काडीने अडवून धरली होती का? तशीच भिंगरीसारखी फिरवली असेल तर बेअरिंग तिथंच गेलं असू शकतं. आणि बॅटरीचा कनेक्टर काढला होता ना आधी?

उष्माघात
धूळधाण यांचा मुद्दा बरोबर आहे पण एक गोष्ट जुळत नाही. लॅपटॉपचा फॅन ब्लोअर जातीचा असतो, मधून हवा घेतो आणि बाजूने फेकतो. त्याची वाट बंद झाली तर त्याला ढकलायला हवाच उरत नाही, त्यामुळे त्याच व्होल्टेजला आरपीएम उलट थोडा वाढतो. व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडावर हात ठेवला की मोटर कशी किंचाळते, तसं. इथे आरपीएम २३०० ला अडकलाय. धूळ असेलही, पण अडकण्याचं कारण ती नाही.

कीबोर्डतोड
हात धरून बघितला. हवा चांगलीच गरम, पण फुंकर मारल्यासारखी. म्हणजे पेस्ट वाचली म्हणायची, हुश्श.

धूळधाण, बॅटरी काढली होती. पाती अडवली नव्हती 🙁 चांगली दोन मिनिटं भिर्र फिरवली. आज फॅन काढून बघतो.

पेंग्विनवाला
पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह बूट करून बघा, इन्स्टॉल करायची गरज नाही. एलएम-सेन्सर्स टाकलं की सेन्सर्स कमांडने तापमान दिसेल, बऱ्याच मशीनवर फॅनचा आरपीएमही दिसतो. स्ट्रेस-एनजीने सगळे कोअर १० मिनिटं कामाला लावा. तिथे फॅन वर गेला तर फॅन आणि ईसी दोन्ही धडधाकट, दोष विंडोजच्या बाजूला. वर गेला नाही तर मात्र लगेच फॅनवर आळ घेऊ नका, काही मॉडेलमध्ये मोड बदलणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये नसतो आणि ईसी शेवटचं टेबल तसंच धरून बसतो. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.१२ आवृत्तीपासून प्लॅटफॉर्म प्रोफाइल नावाची सोय आली त्यामुळे बऱ्याच मशीनवर लो-पॉवर, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स असं बदलता येतं, डेस्कटॉपच्या पॉवर मेनूमध्येच दिसतं ते.

बाकी विंडोज सोडून कायमचे इकडे या असं म्हणणार नाही, म्हणलं तरी कुणी येत नाही.

सायलेंट_वाचक
पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये "सिस्टिम कूलिंग पॉलिसी" म्हणून एक ओळ असते, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटच्या खाली. पॅसिव्ह असेल तर विंडोज आधी प्रोसेसर हळू करतं आणि मग फॅनचा विचार करतं, अ‍ॅक्टिव्ह असेल तर उलटं. माझ्याकडे बॅटरीवर पॅसिव्ह होतं. नव्या मशीनमध्ये ही ओळ बऱ्याचदा लपवलेली असते, त्यामुळे दिसली नाही तर घाबरू नका. अजून एक, तिथेच मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं तर बहुतेक प्रोसेसरवर टर्बो बंद होतो आणि तापमान सरळ १५-२० डिग्री उतरतं. उपाय नाही हा, पण काम अडलं असेल तर तेवढ्यापुरती मलमपट्टी.

कीबोर्डतोड
अपडेट देतो, लांबलंय जरा.

फॅन काढला. नमदा वगैरे नव्हता पण फिन्सच्या खालच्या कोपऱ्यात एक गोळा होता, काढला. फॅन बोटाने फिरवून बघितला, टिचकी मारली की ५-६ फेरे मोकळा फिरतो, कानाशी धरला तरी घासल्याचा आवाज नाही. चार वायरचा कनेक्टर काढून परत दाबून बसवला.

मग बूट होताना एफ-१२ दाबून कंपनीची डायग्नोस्टिक टेस्ट चालवली (तुमच्याकडे दुसरी की असेल), त्यात फॅनची टेस्ट आहे. आणि काय सांगू, फॅन ४८०० पर्यंत गेला!! अख्खं टेबल थरथरलं. म्हणजे फॅन ठणठणीत आहे. विंडोज चालू केलं, एक्स्पोर्ट लावला, पुन्हा २३००. त्या क्षणी लॅपटॉप भिंतीवर फेकावासा वाटला.

कूलिंग पॉलिसी अ‍ॅक्टिव्हच आहे, बघितली. लिनक्स अजून केलं नाही, पेनड्राइव्ह सापडत नाहीये.

पण एक पॅटर्न सापडला बहुतेक. मी तीन दिवस कागदावर लिहून ठेवलं कधी चालतो कधी नाही. झाकण मिटून स्लीपमधून उठवला की अडकतो. एकदा अडकला की शट डाउन करून दुसऱ्या दिवशी चालू केला तरी अडकलेलाच!! पण परवा एक अपडेट आलं त्याने रीस्टार्ट मागितला, रीस्टार्ट झाल्यावर एकदम व्यवस्थित, ४००० च्या पुढे. काल मुद्दाम करून बघितलं, अडकलेला असताना शट डाउन, १० मिनिटं थांबून चालू, अडकलेलाच. मग रीस्टार्ट, चालला. हे मला कळेनासं झालंय, पूर्ण बंद केल्यावर सुटत नाही आणि नुसत्या रीस्टार्टने सुटतं? उलटं नको का?

उष्माघात
कागदावर लिहून ठेवलंत हे फार बेस्ट केलंत, अर्धं काम तिथंच झालं.

उलटं नाही, बरोबर आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, बऱ्याच मशीनवर तो आधीपासूनच चालू असतो. शट डाउन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात, हायबरनेटचाच धाकटा भाऊ समजा. सकाळी चालू केलंत की तेच जसंच्या तसं परत उचललं जातं. म्हणजे ड्रायव्हरच्या दृष्टीने काल रात्र झालीच नाही. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं. म्हणून पूर्ण बंदने बिघाड जपला जातो आणि रीस्टार्टने जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर सीपीयूच्या खाली अपटाइम बघा, रोज बंद करूनही कितीतरी दिवसांचा दिसेल.

आता माझा अंदाज. स्लीपमधून उठताना ईसी स्वतःच्या डीफॉल्टवर, म्हणजे शांत टेबलवर जातोय, आणि कंपनीच्या सर्व्हिसला (अ‍ॅपमागे सतत चालणारा प्रोग्रॅम) वाटतंय की मी तर आधीच परफॉर्मन्स सांगितलंय, परत कशाला सांगू. दोघांचं बोलणंच तुटलंय. तपासायला सोपं आहे. पुढच्या वेळी अडकला की रीस्टार्ट करू नका. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये (विंडोजच्या नाही, कंपनीच्या) मोड परफॉर्मन्सवरून सायलेंट करा, ५ सेकंद थांबा, परत परफॉर्मन्स करा. मोड प्रत्यक्षात बदलला की सर्व्हिसला ईसीला सांगावंच लागेल. फॅन उठला तर चोर सापडला.

चार्जर_विसरलो
माझा अपटाइम ३१ दिवस निघाला. रोज बंद करतो मी. फसवणूक आहे ही.

कीबोर्डतोड
उठला!!!!

झाकण मिटलं, १५ मिनिटं ठेवलं, उघडलं, एक्स्पोर्ट लावला, २३००. कंपनीचं अ‍ॅप उघडलं, तिथं परफॉर्मन्सवर टिक आहे आणि फॅन झोपलेला, बघूनच राग आला. सायलेंट केलं, मनात पाच मोजले, परत परफॉर्मन्स, आणि साधारण तीन सेकंदांनी तो आवाज सुरू झाला, आधी बारीक घरघर मग तो जुना घोंघाट. ९६ वरून ८१ ला आला दीड-दोन मिनिटांत, क्लॉक २.९ ला स्थिर. या आवाजाला मी ४ वर्षं शिव्या घातल्यात.

अपटाइम २३ दिवस होता माझा पण.

आता कायमचं काय करू?

उष्माघात
क्रमाने करा, सगळं एकदम नको, नाहीतर कशाने सुटलं ते कळणार नाही. आधी फास्ट स्टार्टअप बंद: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटण काय करेल ते ठरवायचं पान, तिथे वरच्या निळ्या ओळीवर क्लिक केल्याशिवाय खालची टिक बदलता येत नाही. एसएसडी असेल तर चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, बाकी काही नाही. मग कंपनीचं अ‍ॅप आणि त्याचा ड्रायव्हर नवा टाका. तरी स्लीपनंतर होत असेल तर बायोस (मशीन चालू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट, ईसीचं फर्मवेअर बऱ्याचदा त्यातूनच येतं. चार्जर लावून, बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असतानाच करा, आणि मधे हात लावू नका.

एकदा_जळलेला
यात एक इशारा टाकून ठेवतो, नंतर शोधत येणाऱ्यांसाठी. फॅन अडकला की लोक लगेच थर्ड पार्टी फॅन कंट्रोलवालं सॉफ्टवेअर टाकतात. मीही टाकलं होतं. ते ईसीच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या मेमरीच्या कप्प्यांत, थेट लिहितं, आणि कुठलं रजिस्टर कशाचं हे प्रत्येक मॉडेलला वेगळं. मी दुसऱ्याच्या मॉडेलची कॉन्फिग फाइल वापरली, "जवळपास तेच आहे" म्हणून. फॅन ० वर गेला आणि तिथंच राहिला, त्याच वेळी कंपनीची सर्व्हिसही लिहीत होती, दोघांची मारामारी. स्क्रीन फ्रीझ झाल्यावर कळलं. प्रोसेसर स्वतःला वाचवतो, हळू होतो, फारच झालं तर मशीन बंद पडतं, पण शेजारी बॅटरी असते, एसएसडी असते, त्यांना कोण वाचवणार. माझी बॅटरी पुढे फुगली, टचपॅड वर उचलला गेला इतकी. ती त्यामुळेच फुगली असं छातीठोक नाही सांगत, पण उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते हे नक्की.

तेव्हा करायचंच तर तुमच्या नेमक्या मॉडेलची फाइल असेल तरच, आणि कंपनीची सर्व्हिस बंद ठेवून.

पेंग्विनवाला
याला अनुमोदन. आणि ज्यांच्या मशीनमध्ये मोड वगैरे प्रकारच नाही त्यांनी एकदा ईसी रीसेट करून बघायला हरकत नाही. पूर्ण बंद (शिफ्ट दाबून शट डाउन, म्हणजे फास्ट स्टार्टअप टळतो), चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. बॅटरी आत असेल तर काही मॉडेलमध्ये मागे पिनचं भोक असतं त्यासाठी, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

नवाकोरा
माझं याच्या बरोब्बर उलटं आहे, नुसता डेस्कटॉप उघडा असतो तरी फॅन फुल, पण तापमान ४५. कुणाला माहितीये का?

उष्माघात
नवाकोरा, नवा धागा काढा, पण त्याआधी कव्हर उघडून फॅनची वायर बघा. चारपैकी एक वायर स्पीड किती ठेवायचा ते सांगणारी असते, तिचाच संपर्क तुटला तर बरेच फॅन सरळ पूर्ण वेगात फिरतात. अलीकडे कुणी उघडला होता का लॅपटॉप?

नवाकोरा
मीच. गेल्या रविवारी. 😶

कीबोर्डतोड
दोन आठवड्यांनी येतोय. फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर रोज सकाळी व्यवस्थित, पण दुपारी स्लीपनंतर अडकणं चालूच होतं. अ‍ॅप नवं टाकलं, फरक नाही. शेवटी बायोस केला, ८-१० मिनिटं स्क्रीन काळी होती आणि फॅन पूर्ण वेगात, मी खुर्चीत अवघडून बसलो होतो. त्यानंतर ११ दिवसांत एकदाच अडकला, तेही झाकण मिटलेलं असताना चार्जर काढला होता तेव्हा. मोड बदलून सुटला. परत तसंच करून बघितलं तर झालं नाही, त्यामुळे कागद अजून टेबलावरच ठेवलाय.

नव्या बायोसनंतर एक नवीन सुरू झालंय मात्र, काहीच काम नसताना दर २-३ मिनिटांनी फॅन ५ सेकंद फिरतो आणि थांबतो. हे नॉर्मल आहे का?